फरशीला जखडलेला संगणक

नांदेडच्या देगलूर नाक्यावरच्या आपल्या दुकानात यासेरने त्या संगणकाला सलग चार दिवस छळले, पण संगणक काही बधला नाही. तापाने फणफणला म्हणून ज्याला झोळीत घालून आणावे, त्याने वैद्याच्या दारात उतरताच दोन भाकरी मागाव्यात, तसा तो प्रकार होता.

संगणक तनुजाचा होता. तनुजा रेणापूरपलीकडच्या एका लहानशा गावची. लातूरच्या एका शिकवणीवर्गासाठी जीवशास्त्राची हलती चित्रे तयार करण्याचे काम ती घरी बसून करी आणि काम संपले की त्याच यंत्रावर खेळत बसे. यंत्र तिने स्वतःच्या हाताने, एकेक भाग निवडून जोडले होते. त्यातले निम्मे भाग यासेरच्याच दुकानातून गेलेले. तक्रार अशी, की खेळ ऐन रंगात आला असता चित्र जागच्या जागी थिजते. पडद्यावरचा घोडा एक पाय उचललेल्या अवस्थेत लटकून राहतो, त्याच्या टापांचा आवाज एकाच स्वरावर अडकून भुंग्यासारखा घुमत राहतो; आणि चार, आठ, कधी बारा सेकंदांनी, मध्ये काही घडलेच नाही अशा थाटात, घोडा उचललेला पाय खाली टेकतो. खेळ उघडताना तर अकरा-अकरा मिनिटे नुसते वर्तुळ फिरत बसे.

यासेरची पद्धत ठरलेली होती. एका वेळी एकच भाग बदलायचा, निकाल वहीत लिहायचा, मगच पुढच्या भागाला हात लावायचा. त्याचे वडील खाजामियाँ आयुष्यभर रेडिओ दुरुस्त करीत आले, आणि त्यांचे म्हणणे असे, की जी खराबी बोलावल्यावर येत नाही ती गेली असे समजू नये. ती कोठेतरी दबा धरून बसलेली असते. यासेरने रॅमच्या दोन्ही पट्ट्या आलटून पालटून तपासल्या. पॉवर सप्लाय बदलला, केबल बदलल्या, विंडोज पुसून नव्याने भरले. ज्या जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर खेळ साठवला होता, तिची तर त्याने पहिल्या कप्प्यापासून शेवटच्या कप्प्यापर्यंत झडती घेतली. डिस्क निर्दोष होती. घोडा चार दिवस रबरी चटईवर ठेवलेल्या त्या यंत्रात अखंड दौडत राहिला.

संगणक परत गेला, आणि दुसऱ्याच दिवशी तनुजाचा फोन आला.

"यासेरभाई, तुमच्याकडं शहाण्यावानी वागतंय. माझ्या घरी आलं की अंगात येतंय त्याच्या."

"लाइटचा प्रॉब्लेम असेल, ताई. तुमच्याकडं व्होल्टेज कसंय?"

"इन्व्हर्टरवर लावून बघितलं. तरी तेच."

"अर्थिंग?"

"नवं घर हाय, भाई. अर्थिंग बी नवीच हाय. तुम्ही या बगायला. पाडव्याच्या आदी या पण. पाडव्याला माय त्या खोलीत झोपणार हाय, मग मला तिथं उचकाउचक करता येणार न्हाई."

दुसरा कोणी असता तर 'जुनी काढून नवी, न फिरणारी एसएसडी डिस्क टाका आणि मोकळ्या व्हा' असे सांगून त्याने फोन ठेवला असता. यासेरला तो उपाय मान्य नव्हता. कारण कळल्यावाचून केलेली दुरुस्ती ही त्याच्या लेखी दुरुस्ती नव्हेच. ती नुसती सारवासारव. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी त्याने दुकान भावावर सोपवले, पिशवीत हत्यारे आणि वही घातली आणि लातूरची बस धरली.

घर गावाच्या टोकाला होते. नवेकोरे, सिमेंटच्या स्लॅबचे; पुढेमागे माडी चढवता यावी म्हणून खांबांच्या सळया आभाळात तशाच सोडलेल्या. घरापुढे मात्र एक जुनी पत्र्याची शेड होती आणि तिच्या सावलीत पन्नाशी ओलांडलेली एक बाई सूप मांडीशी घेऊन उडीद निवडत बसली होती. ती तनुजाची आई, साखराबाई. तिने यासेरकडे एकवार पाहिले, "ये बाबा," म्हटले आणि पुन्हा सुपात मान घातली.

तनुजाचा थोरला भाऊ बजरंग पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आला. "आले का डॉक्टर! पेशंट आत हाय. नाडी बगा, जीभ बगा, काय बगायचं ते बगा. पर एकदाचं सांगून टाका हिला, की दिवसभर घोडा पळवलं तर घोडा बी थकतंय."

"दादा, तुझा ट्रॅक्टर बंद पडल्यावर मी अशी हसते का?" तनुजा आतून ओरडली.

"ट्रॅक्टर भाकर देतंय. तुझा घोडा काय देतंय? लीद बी देत न्हाई."

आतल्या खोलीत नवी लोखंडी कॉट होती, तिच्यावर नवी गादी, गादीवर धुतलेली चादर. कोणी त्यांवर अद्याप पाठ टेकली नव्हती. समोरच्या भिंतीशी संगणक. यासेर खाली वाकला आणि चकित झाला. संगणकाची काळी पेटी चारी अंगांनी लोखंडी पट्ट्या मारून, जाड स्क्रूंनी थेट फरशीत आवळलेली होती.

"चोराची भीती आहे का इथं?"

"मायचा नियम हाय," तनुजा म्हणाली. "आमच्या घरात फळी न्हाई, पोटमाळा न्हाई. कपाट भिंतीला आवळलेलं, फ्रिज आवळलेला. डोक्यावर काही ठेवायचं न्हाई आन पायाशी काही मोकळं सोडायचं न्हाई. दुकानातून परत आल्याबरोबर दादानं पयलं काम हेच केलं."

चहा घेताना उरलेली हकिकत बजरंगने सांगितली. साखराबाईचे माहेर किल्लारीकडचे. त्र्याण्णव सालच्या गणपतीला ती माहेरी गेली होती, दीड वर्षाच्या बजरंगला घेऊन. चतुर्दशीचे विसर्जन उरकून घर निजले आणि पहाटे पोर उकाड्याने रडू लागले म्हणून त्याला खांद्यावर टाकून ती अंगणात येऊन बसली. तेवढ्यात भूकंप झाला, आणि तिच्या डोळ्यांदेखत घराचे जड, मातीचे माळवद आतल्या दोघांवर बसले. तिचे वडील आणि धाकटी बहीण. त्या दिवसापासून वजन असलेल्या छपराखाली ती झोपली नाही. बत्तीस वर्षे पत्र्याखाली काढली. थंडीत, पावसात, आजारपणात. आणि झोप म्हणजे तरी काय? कुशीवर वळायचे, जमिनीला कान द्यायचा, उठून बसायचे.

"तिला ऐकू येतंय म्हणती," बजरंगने आवाज उतरवला. "जमिनीतून. शेवटी औंदा लातूरला डोक्याच्या डॉक्टरला दाखवलं. त्यांनी समजावलं, गोळ्या दिल्या. आन मग, भाई, स्वतःच्या तोंडानं म्हणली, पाडव्याला आत झोपते. हे घर कुणासाठी बांधलं मी? उद्याच्या राती माय ह्या कॉटवर झोपली, की माझं जन्माचं काम झालं."

यासेरने मान हलवली आणि वही उघडली.

त्याने यंत्र सुरू केले. तनुजाने घोडा एका वाटेला लावून दिला. त्या खेळात तो स्वारावाचूनही माळामागून माळ तुडवीत जाई, आणि प्रत्येक नवा माळ डिस्कवरून वाचला जाई. सातव्या मिनिटाला घोडा थिजला. टापेचा स्वर घुमत राहिला. नऊ सेकंद. यासेरला, खरे सांगायचे तर, आनंद झाला. खराबी बोलावल्यावर आली होती.

त्याने खेळ फिरत्या डिस्कवरून सोबत आणलेल्या एका न फिरणाऱ्या डिस्कवर हलवला. पाऊण तास घोडा थिजला नाही. म्हणजे दोष फिरत्या डिस्कच्या वाटेवर. त्याने खेळ पुन्हा जुन्या जागी आणला. मात्र ती डिस्क पेटीतून बाहेर काढली आणि लांब केबल लावून घडी घातलेल्या गोधडीवर ठेवली. पुन्हा पाऊण तास. घोडा निर्वेध चालला. त्याने डिस्क पेटीत परत आवळली. अकराव्या मिनिटाला घोडा थिजला, चौदा सेकंद.

यासेर मागे टेकून बसला. तबकडी मिनिटाला हजारो फेरे घेते आणि तिच्यावर केसाहूनही बारीक अंतर राखून एक वाचणारी सुई तरंगते, हे त्याला ठाऊक होते. बाहेरून हादरे बसू लागले की सुईची रेघ चुकते; ती पुन्हा फिरून त्याच रेघेवर येऊ पाहते, पुन्हा चुकते, आणि वाचन लागेपर्यंत सारा संगणक तिची वाट पाहत थांबतो. गोधडीवर डिस्क सुखी होती. दुकानातल्या रबरी चटईवर सुखी होती. फरशीला जखडली की ती अडखळत होती. तेव्हा दोष डिस्कचा नव्हता, पेटीचाही नव्हता. फरशी हलत होती.

"बजरंगभाऊ, जवळपास पिठाची गिरणी आहे का?"

"हाय. पर लाइट कुठं हाय? दोन घंटे झाले गेलेली. तुम्ही इन्व्हर्टरवर चालवून राहिलात."

"बोअरची मोटर?"

"लाइटच न्हाई म्हणल्यावर मोटर कशी चालंल, भाई?"

"ट्रॅक्टर? उसाच्या गाड्या?"

"लक्ष्मीपूजन हाय आज. समदे आंघोळी करून बसलेत."

यासेरने तळहात फरशीवर पालथा टेकला. काहीच लागले नाही. फरशी थंड होती, नव्या घराला असावी तशी. त्याने वही मांडीवर घेतली आणि घोडा चालू ठेवून तो वेळा टिपू लागला. पडद्याच्या वर खिडकी होती. खिडकीतून पत्र्याची शेड दिसे, शेडखाली साखराबाई, आणि सुपात लयीने फिरणारा तिचा उजवा हात. खडा उचल, टाक. खडा उचल, टाक.

हात थांबला. चिमटीतला खडा चिमटीतच राहिला.

घोडा थिजला.

आठ सेकंदांनी घोड्याचा पाय खाली आला. साखराबाईने खडा टाकला.

यासेरने हा योगायोग समजून सोडून दिला. त्याच्या बुद्धीला एका पुराव्याने पटत नसे, दोनांनीही नाही. पण पुढच्या तासाभरात तो डोळे पडद्यावर ठेवायचे सोडून खिडकीबाहेर लावून बसला, आणि पाच वेळा त्याने तेच पाहिले. आधी हात. मग घोडा. दोहोंत एखाद्या श्वासाचे अंतर. पाचव्या वेळी थिजणे एकोणीस सेकंद टिकले, आणि तेवढा वेळ ती बाई मान किंचित कलती करून, ओठ मिटून, मूर्तीसारखी बसून होती. यंत्राचा स्वर खोलीत घुमत होता. तनुजा फोनवर कोणाशी तरी शुभेच्छा बोलत होती. तिचे लक्ष नव्हते. यासेरने वहीत दोन्ही वेळा टिपल्या, हाताची आणि घोड्याची.

तो उठून शेडमध्ये गेला आणि साखराबाईसमोर जमिनीवरच बसला.

"मावशी, आता हात का थांबवला?"

तिने सूप बाजूला सारले. "तुझ्या मशिनीला ऐकू येतंय व्हय?"

यासेरने हातातली वही मिटली.

"कसं ऐकू येतंय मला, ते सांगू? लांब कुणीतरी जातं ओढून राहिलंय. दाणे न्हाईत जात्यात. नुसतं दगडावर दगड. जरा ओढतंय, थांबतंय. तवाबी असंच होतं. सालभर घरघरत होतं, आन आमी म्हणायचो, विहीर खंदून राहिले असतील कुठं."

"डॉक्टरांना सांगितलं हे?"

"सांगितलं ना. ते म्हणले, आजी, हे जमिनीत न्हाई, तुमच्या डोक्यात हाय." तिच्या चेहऱ्यावर क्षणभर हसू आल्यासारखे झाले. "लई बरं वाटलं बग मला."

"बरं वाटलं?"

"मंग! डोक्यात असलं तर माझ्या एकलीचं. जमिनीत असलं तर लेकरांचं. बत्तीस साल झाले, मी देवाला एकच मागून राहिले, की मला याड लागलेलं असू दे. त्या डॉक्टरच्या तोंडून ऐकलं तवा म्हणलं, चला, झोपू आता आत. पोराची हौस हाय." तिने पुढे वाकून यासेरच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात फरशीसारखा थंड होता. "तू नांदेडहून आलास, तुला माझं काही देणं न्हाई, घेणं न्हाई. खरं सांग. येतंय का त्याला ऐकू?"

खोटे बोलणे किती सोपे होते! चार स्क्रू काढायचे, पेटीखाली दोन बोटे जाडीचा रबर सारायचा, आणि घोडा जन्मात थिजणार नाही. तनुजा खूश, बजरंगची माय उद्या कॉटवर, आणि यासेर संध्याकाळच्या बसमध्ये. मात्र ज्याला तो दुरुस्ती म्हणणार होता, ती त्या यंत्राचे कान बंद करण्याची युक्ती होती. आणि कान बंद केल्याने घरघर थांबणार नव्हती. तिने विचारले नसते तर त्याने कदाचित रबर सारलाही असता. पण तिने विचारले होते.

"येतंय, मावशी," तो म्हणाला.

साखराबाईने डोळे मिटले.

मागे उभ्या असलेल्या बजरंगने हे ऐकले होते, आणि तो उसळला. "भाई, तुम्हाला मशीन नीट करायला बोलावलं का मायला घाबरवायला? मोठ्या मुश्किलीनं ती आत यायला तयार झाली, आन तुम्ही कामून विस्तव घालून राहिलात?"

"मी काही घातलं नाही. वही बघा. ही वेळ हाताची, ही घोड्याची."

"खडी क्रशर असंल कुठं. सुरुंग लावत असतील."

"असेल. बोअरचं पाणी खाली गेल्यामुळं असेल. दुसरंही काही असेल. ते मला माहीत नाही, आणि जे माहीत नाही ते मी सांगणार नाही. पण ते तुमच्या आईच्या डोक्यात नाही, एवढं मात्र मी कोणाहीपुढं सांगीन. तहसीलला कळवा."

"काय कळवू? घोडा अडकून राहिला म्हणून?" बजरंग हसला, पण त्या हसण्यात जोर नव्हता. त्याची नजर नकळत स्लॅबकडे गेली, तेथून कॉटच्या खोलीच्या खिडकीकडे, आणि तेथेच राहिली.

"बजरंग," साखराबाई म्हणाली, "त्याला बोलू नको." मग ती यासेरकडे वळली. "हे तुझं मशीन दिवसरात जागं राहतंय?"

"लाइट असेपर्यंत. लाइट गेली की इन्व्हर्टरवर पाच-सहा तास."

"आन अडकलं की भाईर कळतंय?"

"कळंल, माय," उत्तर तनुजाने दिले. ती दारात केव्हा येऊन उभी राहिली होती, कोणास ठाऊक. तिचा फोन बंद होता आणि तोंडावरचा रंग उतरला होता. "स्पीकर खिडकीत ठेवते. टापा वाजत राहतील. टापा थांबल्या की समजायचं."

"ठेव मग. आन बाबा, त्याला बरं करू नको. हाय तसंच आवळून राहू दे."

तनुजाने स्पीकर खिडकीच्या गजांशी आणून ठेवला. अंगणात टापा वाजू लागल्या. एका सुरात, संथ, न दिसणाऱ्या माळावरून येणाऱ्या. साखराबाईने त्या थोडा वेळ ऐकल्या. नंतर तिने उडदाचे सूप उचलून भिंतीशी ठेवले, शेडच्या कोपऱ्यातून वाकळ ओढली, जमिनीवर अंथरली आणि भर उजेडात, पदर तोंडावर न घेता, आडवी झाली. जमिनीला कान न देता ती पाठीवर उताणी झोपली. पाहता पाहता तिचा श्वास जड झाला.

"माय?" बजरंग पुढे झाला.

तनुजाने त्याचा दंड धरला. "उठवू नको दादा. झोपली ती."

"दिवसा?"

"दिवसा न्हाई, राती न्हाई, कधीच अशी झोपलेली मी बघितली न्हाई तिला. तू बघितलीस?"

बजरंगने बघितली नव्हती. तो आईच्या उशाशी उभा राहून तिच्याकडे पाहत राहिला, परक्या बाईकडे पाहावे तसा. तिच्या कपाळावरची आठी सुटली होती आणि ती वयाने लहान दिसत होती. बत्तीस वर्षे एकटीने दिलेला पहारा तिने दुसऱ्या कोणाच्या तरी हाती सोपवला होता, आणि ज्यांच्या हाती तो आला ते तिघे एकमेकांची नजर चुकवत उभे होते.

गावात पणत्या लागू लागल्या तेव्हा टापा थांबल्या.

स्वर घुमू लागला. तनुजाने तोंडावर हात घेतला. यासेर मनात मोजू लागला आणि दहाच्या पुढे ते मोजणे त्याच्या ओठांवर आले. पंधरा. एकोणीस. वीस. बजरंगने वाकून एक हात आईच्या पाठीखाली आणि दुसरा गुडघ्यांखाली सरकवला, लहान लेकरू उचलावे तसा, आणि तो तसाच थांबला. कारण ती आधीच उघड्यावर होती, तिला नेण्याजोगी याहून बरी जागा नव्हती. चोवीस. पंचवीस. सव्विसाव्या सेकंदाला घोड्याने पाय टेकला.

साखराबाई झोपेतच होती.

बजरंगने हात हळूच काढून घेतले. तो आतल्या खोलीत गेला. कॉटचे पाय फरशीवर घासल्याचा कर्कश आवाज झाला, आणि ती नवी कॉट दारातून आडवी-उभी करीत त्याने एकट्याने बाहेर ओढून आणली. शेडखाली, आईच्या अंथरुणाला लागून ती त्याने मांडली. "तने, तुझी गादी बी आण," तो म्हणाला, आणि कॉटच्या काठावर टेकला. आडवा मात्र झाला नाही.

यासेरने हत्यारे आवरली. त्याला कोणी थांब म्हटले नाही, जा म्हटले नाही. शेवटची गाडी गाठायची तर निघणे भाग होते. फाटकापाशी त्याच्या कानी बजरंगचा आवाज आला.

"तने, चालू हाय का गं?"

"हाव दादा. चालू हाय."

रस्त्याला लागल्यावर पुन्हा, अंधूक:

"चालू हाय का?"

"हाव."

पाणंदीच्या वळणावर घर दिसेनासे झाले. टापांचा आवाजही विरला. तरी बजरंगने तिसऱ्यांदा विचारलेले यासेरला ऐकू आले. तो जागीच थांबला आणि मनात मोजत तनुजाच्या उत्तराची वाट पाहू लागला.

उत्तर आले. पण यायला वेळ लागला.